खोका घरीच राहू द्या

आई-बाबांनो, दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या नायगावात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. जूचंद्रात रांगोळीचे रंग चाळले जातात आणि स्टेशनजवळच्या नव्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर कॅम्पिंगच्या याद्या फिरू लागतात. तंबू कोणाकडे आहे, केळव्याला जायचं की थेट बोर्डीला, डासांचं मलम कोण आणणार, मॅगीची पाकिटं किती. हल्ली या यादीच्या शेवटी आणखी एक ओळ असते: मुलांसाठी क्राफ्ट किट, ऑनलाइन मागवलंय, प्रत्येकी एक.

त्या ओळीबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. बालवाडीत आयुष्य गेलेल्या बाईचं बोलणं आहे, थोडं पसरेल. चहा घेऊन बसा.

तो खोका घरीच राहू द्या.

खोक्याशी माझं वैर नाही. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून दोन दिवस घरात कोंडून बसावं लागतं, तेव्हा तो कामी येतोच. पण सुरूच्या बनात तो नुसता आडवा येतो. आत काय असतं ते आठवा. आइस्क्रीमच्या रंगीत काड्या, थर्माकोलचे गोळे, चिकटवायचे हलते डोळे, चमकीची पुडी. समुद्रकाठचा वारा ती पुडी नीट उघडेपर्यंतही थांबत नाही. चमकी म्हणजे बहुतेक वेळा प्लॅस्टिकचाच भुगा, वाळूत सांडला की देवालाही वेचता यायचा नाही. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर तर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि आपण तोच थर्माकोल मुलांच्या हातात देऊन त्यांना निसर्ग दाखवायला नेतो.

माझी खरी तक्रार मात्र झाकणावरच्या चित्राबद्दल आहे. तिथं तयार घुबड छापलेलं असतं, गोल डोळ्यांचं, अगदी देखणं. मूल हौसेनं बसतं. पाच मिनिटांत त्याचं घुबड झाकणावरच्या घुबडापासून भलतीकडे जातं, एक डोळा पोटावर चिकटतो, आणि शेजारी बसलेल्या आईचा नाहीतर बाबांचा हात पुढे येतो. "दे इकडे, मी लावून देते." "अरे असं नाही, हे बघ." अर्ध्या तासानं घुबड हुबेहूब झाकणासारखं होतं. बाबा फोटो काढतात. ज्याचं घुबड तो तोवर पलीकडच्या तंबूपाशी पकडापकडी खेळत असतो.

हा पुढे येणारा हात कसा आवरायचा, हाच माझा आजचा विषय आहे. पानं, काड्या, शिंपले हे सगळं त्या ओघात येईल.

यातलं शहाणपण आपल्याच जिल्ह्यात पिकलेलं आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि 1957 मध्ये काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीचं काम केलेलं होतं. आता माँटेसरीची मूळ साधनं म्हणजे घासूनपुसून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे, मोजून-मापून बनवलेले, महागडे. वारल्यांच्या पाड्यावर ते आणायचे कुठून? मग बाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि गारगोट्या, शिंपले, बिया, पानं, फुलं, माती यांचीच साधनं केली. गुरं राखायला जाणारी पोरं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर तर या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. गुरं चरतायत आणि पोरं झाडाखाली बसून काहीतरी जुळवतायत, ती त्यांची कुरणशाळा. तंबू नव्हता एवढंच, बाकी हे कॅम्पिंगच होतं आणि रोजचं होतं.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. आम्हा बालवाडीच्या बायांना त्यांच्या वाटेवरून मिळालेली शिदोरी म्हणजे एक साधा रिवाज: मोठ्या माणसानं एकदा, सावकाश, फारसं न बोलता करून दाखवायचं आणि मग हात मागे घ्यायचे.

हात मागे घेणं आपल्याला फार जड जातं, हे मला ठाऊक आहे. सकाळी 7.40 ची लोकल पकडणाऱ्या माणसाच्या हाताला सगळं आटोपायची सवय लागलेली असते. डबा आटोपतो, दप्तर आटोपतं, तसंच घुबडही आटोपतं. म्हणून रिकाम्या हातानं मुलाशेजारी बसूच नका. आपल्यासाठीही एक पान घ्या, एक सुतळी घ्या आणि आपलं स्वतःचं काहीतरी करायला लागा. मुलाकडे बघायचं नाही. त्यानं विचारलं तर आपल्या पानावर दाखवायचं, त्याच्या पानाला हात लावायचा नाही. सांगायला सोपं वाटतं, करून बघा. पहिली दहा मिनिटं बोटं शिवशिवतात, नंतर आपणच आपल्या कामात रमतो आणि मूल काय करतंय हे खरोखरच विसरतो.

तर आता पानाचंच घेऊ.

द्रोण करायला पळसाचं पान उत्तम, पण ते हाताशी नसेल तर देशी बदामाचं घ्या. आपल्या निम्म्या सोसायट्यांच्या फाटकाशी हे झाड असतं. नाताळच्या सुट्टीच्या सुमाराला आणि पुढेही त्याची पानं लाल होऊन गळायला लागतात. नुकतंच गळलेलं, अजून लवचीक असलेलं पान निवडायचं. कुरकुरीत झालेलं पान घडी घालताच मोडतं, तसंच असेल तर थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवा. टाके घालायला नारळाच्या झावळीचे हीर हवेत. हीर काढणं मोठ्यांचं काम, चाकूनं पात्याच्या कडेकडेनं खरवडत जायचं. मग हिराचे बोटभर तुकडे करा आणि एका वाटीत मधे ठेवून द्या.

पानाचा एक कोपरा दुमडायचा, दुमडलेल्या जागी हीर वरून आत खुपसायचा आणि लगेच आतून परत वर काढायचा. जास्तीचा तुकडा मोडून टाकला की झाला एक टाका. असे चार कोपरे झाले की द्रोण उभा राहतो. पाच वर्षांच्या मुलाला हे जमतं. त्याचा पहिला टाका पान फाडतो, दुसरा सैल बसतो, तिसऱ्याला त्याच्या कपाळावर आठी येते आणि चौथा बसतो. मधे बोलू नका. संध्याकाळी त्याच द्रोणात भेळ द्या. खालून चिंचेचं पाणी गळेल, गळू द्या. गळका द्रोण दुसऱ्या दिवशी कसा सुधारायचा ते मूल स्वतःच ठरवतं: दोन पानं एकावर एक घेतं, नाहीतर कोपरा जास्त दुमडतं. हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय आणि दर वेळी मला तितकीच मौज वाटते.

केळव्याला काय आणि बोर्डीला काय, किनाऱ्यावर सुरू आहेतच. सुरूच्या लांब हिरव्या सुईकडे नीट पाहिलंय कधी? ती सलग नसते, तिला बारीक बारीक पेरं असतात. एका पेरावर ती हलकेच ओढली की सुटते, आणि तीच टोकं परत एकमेकांत बसवली की सुई पुन्हा अखंड दिसते. मग खेळ असा: एकानं पाठमोरं होऊन एक पेर सोडवायचं, परत जोडायचं आणि विचारायचं, कुठं तोडली सांग. आई-बाबा यात साफ हरतात. मुलांची नजर जवळचं बारीक हेरते आणि आपण तोवर चष्मा शोधत असतो. सुरूची छोटी खरबरीत बोंडं ओल्या वाळूवर दाबली की ठिपक्यांची नक्षी उठते. जूचंद्रच्या पोरांना ठिपके दिसले की रेघा ओढल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या गावाला रांगोळीचं गाव म्हणून सगळी वसई ओळखते, तेव्हा वाळूवर त्यांनाच पुढे करा आणि तुमच्या मुलाला त्यांच्या शेजारी बसवा.

नारळाच्या पातीचं भिरभिरं माझं सगळ्यात आवडतं. हीर काढून टाकलेल्या दोन लांब पट्ट्या घ्या आणि अधिकच्या खुणेसारख्या एकमेकींवर ठेवा. चार टोकं झाली. आता घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एकेक टोक मधल्या चौकोनावरून पलीकडे दुमडत जायचं आणि शेवटचं टोक पहिल्या घडीच्या पोटातून काढायचं. पुठ्ठ्याच्या खोक्याची चार झाकणं एकात एक अडकवून आपण बंद करतो, अगदी तसं. चारही टोकं एकदम, सारख्या जोरानं ओढली की मधे घट्ट चौकोनी गाठ बसते आणि चार पाती चार दिशांना राहतात. पात्यांना किंचित पीळ द्या, गाठीच्या मधोमध जाड हीर ओवा आणि वाऱ्याच्या तोंडी धावत सुटा. फिरलं नाही तर भोक थोडं मोठं करा. गाठ मात्र ज्याची त्यानंच ओढायची. तुम्ही ओढून दिलेली गाठ घट्ट बसेल, पण भिरभिरं तुमचं होईल.

पोरं जरा मोठी असतील, आठ-दहा वर्षांची, तर सुतळीचा गुंडा पुरे. जाण्याआधी एखाद्या संध्याकाळी त्यांना नायगावच्या कोळीवाड्यात घेऊन जा. जाळं दुरुस्त करत बसलेले एखादे दादा दिसतीलच. लांबून उभं राहून फोटो काढू नका, जवळ जाऊन "दादा, बघू का?" असं विचारा. लाकडी सुई, तिच्यात भरलेला दोरा, आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या, मापाची पट्टी, आणि डोळा लवेतो पडणारी गाठ. स्काउटच्या शिबिरात 'शीट बेंड' म्हणून जी गाठ शिकवतात ती मूळ हीच. पुस्तकात चार बाण काढून समजावलेली असते तरी आपल्याला कळत नाही. दादांना सावकाश करायला सांगितलं तर ते हसतात, कारण सावकाश केली की त्यांचीच चुकते. कॅम्पवर दोन झाडांमध्ये सुतळी बांधून मुलांना छोटं जाळं विणू द्या. ओले टॉवेल टाकायला उपयोगी पडतं.

वसईच्या वाड्यांमधून केळीचं सोपट मिळालं तर आणखी छान. सोपट भिजवून त्याचे बारीक दोरे काढायचे, त्यानं फुलं गुंफली तर धाग्यासारखी कापली जात नाहीत. हे तुमच्या सासूबाईंना किंवा शेजारच्या आजींना नक्की येतं. त्यांना कॅम्पला न्या. "त्यांना झेपणार नाही" असं आपण परस्पर ठरवून टाकतो. बहुतेक आज्यांना तंबूत झोपणं झेपत नाही हे खरं, पण दिवसभर झाडाखाली चटईवर बसून चार पोरांना गजरा शिकवणं आपल्या कोणाहीपेक्षा त्यांना जास्त झेपतं. बाबांनी तीनपेडी वेणी तिथंच शिकून घ्यावी. सुतळीवर हात बसला की सोमवारी सकाळी लेकीच्या केसांवरही बसतो.

आता वारली चित्रांबद्दल. पालघर जिल्ह्यात आलो आणि वारली काढलं नाही असं कसं, असं म्हणून लोक बाजारातून पांढरा अॅक्रिलिक रंग घेऊन जातात. त्याची गरज नाही. तांदळाचं पीठ पाण्यात कालवा, चिकटपणासाठी थोडा डिंक घाला. बांबूची बारीक काडी घेऊन तिचं एक टोक चावून चावून मऊ करा. झाला कुंचला. हे चावण्याचं काम मुलांना फारच आवडतं. गेरूचं पाणी एखाद्या खाकी कागदी पिशवीवर फासून वाळवा आणि त्यावर काढा. पीठ ओलं असताना रेघ जवळजवळ दिसतच नाही, वाळत जाते तशी पांढरी उमटते. पहिल्यांदा काढणारं मूल म्हणूनच जास्त पीठ घेतं. घेऊ द्या, थोड्या वेळानं त्याला स्वतःलाच कळतं.

हे चित्र मुळात पाड्यावरच्या बायकांचं. लग्नघरी भिंतीवर चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी असते. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणि कापडावर आणलं, जगभर नेलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये ते गेले. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, पण लग्नाचा चौक गंमत म्हणून काढायला लावू नका, तो त्यांच्या देवाचा आहे. दोन त्रिकोणांचा माणूस, वर्तुळाचं डोकं, एवढी भाषा उचलायची आणि चित्र आपलं काढायचं. वारली बाई शेत, झाड, कोंबडी काढते कारण ती तिच्या दारात असतात. आपल्या दारात विरार लोकल आहे, मिठागरं आहेत, खाडीवरचा पूल आहे. दारात लोंबकळणारे त्रिकोणी प्रवासी काढायला सांगा, बघा कसे खुलतात ते.

रात्रीचं काम सगळ्यात सोपं. तंबूचं कापड हाच पडदा. आत टॉर्च ठेवायचा, पानं आणि काड्या जोडून केलेली माणसं-जनावरं कापडाजवळ धरायची, बाकीच्यांनी बाहेर बसून बघायचं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांमधून गोष्टी सांगत आले आहेत. त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याला तेवढं कौशल्य नको. बदामाच्या पानाला दोन भोकं पाडली तर डोळे होतात, सुरूच्या झुबक्याची आयाळ होते. बाहुली पडद्याच्या जवळ असली की सावली रेखीव दिसते, दिव्याकडे नेली की मोठी आणि धूसर होते. हे कोणी सांगायच्या आधीच पोरांना सापडतं आणि मग राक्षस कसा आणायचा हे त्यांना कळलेलं असतं. मेणबत्ती मात्र तंबूत नको म्हणजे नको. तंबूचं कापड पेट घेतं तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही.

चिखलाबद्दल मी काही सांगत नाही, चिखल मुलांना आपोआप येतो. वाळूचा किल्लाही येतो. दिवाळीला दारात किल्ला करणारी आपली पोरं, त्यांना कोण शिकवणार? फार तर आदल्या रविवारी वसईच्या किल्ल्यात चक्कर मारून या, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तो घेतला तेव्हा मराठ्यांनी तट कुठून फोडला असेल यावर बापलेकांची चर्चा होऊ द्या. मग वाळूतला किल्ला भरतीला तोंड द्यायला उभा राहतो.

पुण्याच्या अरविंद गुप्तांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यातून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घरं, पूल करायला शिकवलं. आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी वर्षं टाकाऊतून खेळणी केली आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कॅम्पवर काड्यांच्या जागी हीर घ्या. सायकलवाल्याकडून थोडी व्हॉल्व्हची नळी आणली की चार दिवस पुरते. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच लुळा पडतो, हे एकदा बोटांना कळलं की पुढे भूमितीच्या बाईंचं काम हलकं होतं.

थोडं काळजीचं बोलते. हे वाचताना घाई करू नका.

लाल-काळी गुंज दिसायला इतकी गोड की मुलं माळ करायला धावतात. ती विषारी आहे. अख्खी गिळली तर टणक सालीमुळे कदाचित तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा माळेसाठी भोक पाडलं की विष मोकळं होतं. मोगली एरंडाचं देठ मोडून त्याच्या चिकात फुगे फुंकायचा खेळ आपल्यापैकी गावाकडच्यांनी केलेला असेल. त्याच झाडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि त्या खाऊन मुलं दवाखान्यात पोचल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. तो खेळ नको. कण्हेरीची काडी कशातही ओवायला वापरू नका, तिचं सगळं झाड विषारी. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात, त्यांची लव अंगाला लागली की पोरगं तासभर थांबत नाही. आणि पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीनं ढवळायचं, हा नियम मोठ्यांनीही पाळायचा. आपल्या भागात घोणस आहे, फुरसंही आहे.

किनाऱ्यावर शंख उचलला की आधी उलटा करून तळहातावर ठेवायचा आणि गप्प बसून बघायचं. आत खेकडा राहत असेल तर तो हळूच पाय बाहेर काढतो. घर राहतं असेल तर परत ठेवायचं. पोवळं आणि काही जातींचे शंख वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, त्यामुळे मोठे, देखणे शंख पिशवीत भरून आणायचा मोह नको. आणि तुंगारेश्वर आपल्या जवळ आहे म्हणून तिथं पानं-बिया गोळा करायला पोरांची फौज नेऊ नका. ते अभयारण्य आहे. तिथलं काही तोडता येत नाही, आणता येत नाही, चूल पेटवता येत नाही. तिथं फक्त बघायचं. चिंचोटीच्या धबधब्याचं तर नावच काढू नका. पावसाळ्यात तिथं किती घरांचे दिवे विझलेत ते नायगावकरांना मी काय सांगू. खाडीच्या चिखलातही उतरू देऊ नका, वरून सपाट दिसतो पण गुडघ्यापर्यंत पाय रुततो.

सामान म्हणाल तर पिशवीभरही होत नाही. बोथट टोकाची कात्री, मोठ्यांसाठी एक चाकू, सुतळी, तांदळाचं पीठ, डिंक, गेरू, खाकी कागद, टॉर्च. फेव्हिकॉल नको. चिकटवता येत नाही म्हटल्यावर मूल बांधायला, ओवायला, अडकवायला शिकतं, आणि त्यात दहाही बोटं कामाला लागतात.

शेवटी एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: केलेलं सगळं घरी आणायचं का? मुलाला एक वस्तू निवडू द्या. एकच. बाकीचं झाडाखाली ठेवून यायचं, पानं आहेत, कुजतील. सुतळी आणि रबरी नळी मात्र सोडवून परत आणायची. निवडताना मूल फार वेळ घेईल, गाडी भरून तयार असेल, तुमची चिडचिड होईल. तेवढा वेळ धरूनच निघायची वेळ ठरवा. आणि त्यानं निवडलेली वस्तू तुम्हाला सगळ्यात वेडीवाकडी वाटली तर तोंडातून "अगं, ही कशाला, ती छान होती ना" एवढं काढू नका. पाहुण्यांना दाखवायलाही लावू नका.

तुमच्या हातचा द्रोण किंवा भिरभिरंही त्या वेळी जवळ असेल. मुलानं विचारलं "आई, तुझं कुठं गेलं?" तर दाखवायला काहीतरी हवं, म्हणून म्हणते, मनापासून करा. बिघडलेलं असेल तरी चालेल. आपल्याला सुबक जमत नाही हे पोरांनी पाहिलेलं बरं असतं. त्यांना वाटत असतं की मोठ्यांना सगळं येतं आणि म्हणूनच त्यांचा हात आपल्या कामात घुसतो.

बोर्डीला जाणार असाल तर ओहोटी फार लांबवर जाते, मुलं पाण्यामागे चालत सुटतात, म्हणून भरतीची वेळ आधी पाहून ठेवा. बहुतेक डहाणू लोकल विरारहून सुटतात, तेव्हा नायगावहून विरारला जाऊन गाडी बदला, डहाणू रोडला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा धरा. वेळ असेल तर कोसबाडला जरूर जा. फक्त आधी विचारून, परवानगी घेऊन जा. ती शाळा आहे, सहलीचं ठिकाण नाही.